परतीची तार

राजापेठ चौकात सिग्नल लाल झाला, शेखररावांनी ब्रेकवर पाय ठेवला, आणि आश्विनातल्या त्या कोरड्या, निरभ्र दुपारी समोरच्या काचेवरचे दोन्ही वायपर अर्ध्यापर्यंत उठले आणि काही विसरल्यासारखे पुन्हा खाली बसले. त्यांनी पाय उचलला, वायपर निमूट. पाय ठेवला, पुन्हा तेच उठणे, तेच बसणे. शेजारच्या ऑटोवाल्याने मान बाहेर काढून आधी आकाशाकडे, मग गाडीकडे पाहिले आणि विचारले, "काय साहेब, तुमच्याच काचेवर पाणी येऊन राहिलं का?" ऑटोतल्या दोघी बायका पदर तोंडाशी नेऊन हसल्या. शेखररावांनी काच वर केली. चौतीस वर्षे ज्यांनी महाविद्यालयात विद्युत् हा विषय शिकवला, ज्यांच्या तासाला मागच्या बाकावरही कुजबूज होत नसे, त्यांच्यासमोर ही वस्तू भर चौकात पदार्थविज्ञानाची टवाळी करीत होती. सिग्नल हिरवा होईतो त्यांना ऑटोवाल्याचा तिरस्कार वाटला, त्या बायकांचा वाटला, चौकातल्या फलकावरून हात जोडून हसणाऱ्या चेहऱ्यांचाही वाटला. परंतु तो सारा ओघ फिरून फिरून एकाच ठिकाणी जाऊन मिळत होता. मेल्यानंतरही उत्तमने आपल्याला हास्यास्पद करण्याची सोय करून ठेवली होती.

गाडी उत्तमची. दोन माणसांची, बुटकी, लाल. बसायचे तर आधी वाकावे, मग लवावे, आणि शेवटी स्वतःला आत सोडून द्यावे लागे. वीस-बावीस वर्षांपूर्वीची ती शर्यतीच्या घाटाची मोटार. बार्शीटाकळीच्या काळ्या जमिनीत झेंडू लावणाऱ्या आणि तो पोत्यांत भरून अकोल्याच्या बाजारात नेणाऱ्या माणसाला ती कशासाठी हवी होती, हे शेखररावांना कधीच उमगले नव्हते. उमगून घ्यावे असेही वाटले नव्हते. तिला धड पत्रासुद्धा नव्हता. सारे अंग फायबरचे, बोटाने टिचकी मारली तर पाण्याच्या टाकीसारखे वाजणारे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी उत्तम शेजारच्या आसनावर झेंडूचे पोते बसवी आणि त्याला पट्टा बांधी. ही हकिकत तो स्वतःच हसत हसत सांगे. शेखररावांना त्या हसण्याचीच शिसारी येई. एकाच आईच्या पोटी जन्मून, एकाच कंदिलाखाली बसून, एकाने शाळेतल्या शास्त्रीबुवांपाशी संस्कृत घोकावे, शिष्यवृत्तीवर अमरावती गाठावी, बोलीतला 'मले-तुले' खरवडून काढावा. आणि दुसऱ्याने फुलांच्या पोत्याला पट्टा बांधून हसावे!

चैत्रात उत्तम गेला. वाफ्यात पाणी फिरवता फिरवता खाली बसला, तो उठलाच नाही. त्याची मुलगी आकांक्षा आता शेती पाहत होती. तिनेच आठ दिवसांपूर्वी गाडी अमरावतीला आणून शेखररावांच्या दारात लावली. "मोठे बाबा, हिचे दिवे मनात येईल तेव्हा लागतात," ती म्हणाली. "आई म्हणते, भंगारात देऊन टाक. बाबा म्हणायचे, दादाले इचारल्याशिवाय या गाडीचं काही करायचं नाही. म्हणून तुमच्याकडे आणली. तुम्ही म्हणाल तर दसऱ्याला पुजू, नाहीतर दसऱ्याआधी देऊन टाकू." बोलताना तिचा तळवा गाडीच्या टपावर होता, वासराच्या पाठीवर ठेवावा तसा. शेखररावांनी तो पाहिला आणि पाहिले नाही असे केले. निर्णय त्यांनी त्याच क्षणी घेऊन टाकला होता. फक्त तो सकारण द्यावा, ही त्यांची जन्माची शिस्त होती.

चौकातल्या त्या प्रसंगानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी ते अकोल्याला निघाले. तिथे वाशीम बायपासजवळ देवमन नावाचा ऑटो-इलेक्ट्रिशियन आहे आणि या गाडीला आजवर त्याच्याखेरीज कोणी हात लावलेला नाही, असे आकांक्षाने सांगितले होते. म्हणजे अपराधीही तोच असणार. कातडी पिशवीतला आपला मल्टिमीटर त्यांनी शेजारच्या आसनावर ठेवला. आसनाच्या शिवणीत झेंडूच्या वाळक्या पाकळ्या अडकल्या होत्या आणि ऊन लागताच गाडीत तो कडवट, हिरवा वास भरून राहिला. शास्त्रीबुवांनी शिकवलेली अन्वय-व्यतिरेकाची रीत त्यांना आठवली: जे असताना कार्य घडते आणि जे नसताना घडत नाही, ते कारण. एकेक गोष्ट काढून पाहावी, उरेल तो दोष. किती स्वच्छ, किती निर्मळ रीत! आणि ती रीत ऐकून उत्तमने बुवांना विचारले होते, "पण गुर्जी, दोन कारणं एकमेकाइच्या आड लपले असतीन तं?" वर्ग हसला होता. सर्वांत मोठ्याने शेखर हसला होता. बुवा मात्र हसले नव्हते. ते का हसले नाहीत, हा प्रश्न बडनेऱ्याच्या पुढे अकारण मनात आला आणि शेखररावांनी तो माशी हाकलावी तसा हाकलला.

गाडी नवीन घेतली तेव्हा उत्तम ती दाखवायला अमरावतीला आला होता. शेखररावांकडे त्या दिवशी विभागातले दोघे प्राध्यापक जेवायला होते. उत्तमने पुढचे झाकण उघडले तेव्हा आतल्या काळ्या तारांचे जंजाळ पाहून पाहुण्यांपैकी एकजण गमतीने काही बोलला, आणि शेखररावांनी अंगणातच एक छोटेखानी व्याख्यान दिले. छत्रीच्या टोकाने तारा दाखवल्या. गाडीला हात लावण्याचे कारणच नव्हते. मध्येच उत्तम चाचरत म्हणाला होता, "दादा, पण हिची बॉडी जरा येगळी हाये..." "वेगळी तुझी बुद्धी आहे," ते म्हणाले होते, आणि पाहुणे मनमुराद हसले होते. एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर त्यांनी काहीतरी आकृतीही काढून दिली होती. काय काढले होते ते आता आठवत नव्हते. देणाऱ्याने दिलेले आठवत बसू नये.

त्यांच्या स्मरणात मात्र दुसरी एक पहाट कोरलेली होती, आणि मूर्तिजापूर जवळ आले तशी ती नेहमीप्रमाणे आपणहून उभी राहिली. त्यानंतरच्याच पौषातली. आई, गोदाबाई, अमरावतीला त्यांच्याकडे शेवटच्या आजारात होती. रात्री नऊला त्यांनी उत्तमला फोन केला: ये. शंभर-सव्वाशे किलोमीटरचा रस्ता. दोन तास, फार तर अडीच. आईने अकराला विचारले, "उत्तम आला का?" बाराला विचारले. दोनला ओठ हलले ते त्याच शब्दासाठी. तीनला ती गेली. आणि साडेपाचला, पूर्वेकडे फटफटत असताना, ती लाल गाडी फाटकाशी येऊन थांबली. उत्तम उतरला, तो हातात विजेरी घेऊन. आणि ती चालू होती! उजाडले तरी हातातला दिवा विझवण्याचे भान नाही. "मिरवत आलास?" शेखरराव फाटकातच म्हणाले, साऱ्या आळीदेखत. "आई गेली." उत्तम म्हणाला, "उशीर झाला, दादा." बस्स, तीन शब्द. मग आत जाऊन त्याने आईचे पाय शिवले, तेही डाव्या हाताने. उजवा तसाच अंगाशी लोंबत होता. आईचे पाय डाव्या हाताने! शेखररावांनी त्या क्षणी तोंड फिरवले, आणि खरे म्हणजे ते पुढे कधीच वळवले नाही. बोलणे होई, पत्रिका जात-येत, दिवाळीत फुले येत. पण तिरस्काराला एकदा नैतिक अधिष्ठान मिळाले की तो किती सुखद होतो, हे ज्याने अनुभवले त्यालाच ठाऊक. त्यांनी तो देव्हाऱ्यातल्या समईसारखा रोज घासूनपुसून लख्ख ठेवला होता.

देवमनचे दुकान म्हणजे टिनाची एक शेड, पुढे निंबाचे झाड. देवमन साठीचा, काटक, कानामागे पेन्सिल. गाडी पाहताच तो उठला आणि शेखररावांना नमस्कार करण्याआधी त्याने तिच्या बॉनेटवर हात ठेवला. ही गोष्टही शेखररावांनी टिपली. निंबाखाली आकांक्षा आधीच येऊन बसली होती. बाजारात आणलेल्या झेंडूतले उरलेले दोन ढीग तिने गोणपाटावर सावलीत पसरून ठेवले होते.

"सर, तुमी आत बसून ब्रेक दाबा बरं. मी मागून पायतो."

शेखररावांनी दाबला. वायपर उठले. मागून आवाज आला, "ब्रेकचा दिवा मरेल हाये. अन् इंडिकेटर उगाच मिणमिण करून राहिला. आता सोडा."

"मागच्या दिव्याची जोडणी सदोष आहे," शेखरराव उतरत म्हणाले. "मी काल मोजमाप केले आहे. दिव्याशी बारा व्होल्ट पोचतात. परतीचा मार्गही मीटर अखंड दाखवतो. तेव्हा बल्बच हलके असणार. हल्ली सगळेच हलके असते."

देवमनने ते ऐकून घेतले. त्याच्या हातात दोन तारांना जोडलेला एक साधा हेडलाइटचा बल्ब होता, तारांच्या टोकांना चिमटे. शेखररावांना हसू आले. विद्यार्थ्यांनाही त्यांनी असले उपकरण हाती धरू दिले नसते.

"हा तुमचा मीटर?"

"हा दिवा हाये सर. मीटर काही खोटं बोलत नाही. पण त्याले भूक नाही. केसाएवढी वाट असली तरी तो म्हणते, वाट हाये. दिवा खाऊन पायते. त्याले पोटभर करंट पायजे." त्याने एक चिमटा बॅटरीच्या टोकाला लावला, दुसरा मागच्या दिव्याच्या स्क्रूला. बल्ब लागला नाही. तारेत नुसती तांबूस रेघ दिसली, धुगधुगीसारखी. "पायलं? मीटरच्या लेखी रस्ता हाये. दिव्याच्या लेखी पायवाटही नाही."

"मग वायपरचा काय संबंध?" शेखररावांच्या तोंडून प्रश्न गेला आणि प्रश्न विचारणारे आपण आहोत हे जाणवून त्यांना संताप आला.

"करंटले घरी वापस जा लागते ना सर. सरळ वाट बंद झाली का तो शेजाऱ्याच्या घरात घुसते अन् त्याच्या मागच्या दारानं निंघते. वायपर म्हंजे शेजारी. म्हून तो झोपेतून उठून राहिला."

आकांक्षा निंबाखाली हसली. "वर्गात असं शिकवलं असतं तर मी पास झाली असती, देवमनकाका!"

"तू शिकली असती तं झेंडू कोन लावला असता? बस गुमान."

वायपरबद्दलचे उत्तर बरोबर होते. शेखररावांना ते पुस्तकात कुठल्या पानावर आहे हेही सांगता आले असते. आणि तरीही सारा आठवडा ते सुचले नव्हते. देवमन आता गाडीखाली सरकला. एकेक तार तो बोटांत धरून, जपमाळेच्या मण्यासारखी ओढत पुढे जाई, थांबे, दिवा लावून पाही, पुन्हा पुढे. त्या संथपणात काही एक आर्जव होते. शेखरराव उभे राहून घामेजले. ही शिस्त आपली आहे, ही रीत आपण शिकलेली आहे, आणि ती या माणसाच्या काळ्या बोटांत कशी गेली, असे काहीसे त्यांना वाटून गेले. मग आतून पाना फिरल्याचा आवाज आणि देवमनचा सुस्कारा ऐकू आला.

"सापडला बुवा. सारे दिवे आतल्या लोखंडी पट्टीले बांधेल, अन् पट्टी या एकाच बोल्टावर. म्या सांगतलंच होतं."

त्याने बाहेर येऊन तो तळव्यावर धरला. गंजून त्याचा रंग वाळक्या पाकळीसारखा झाला होता.

"एका बोल्टावर साऱ्या गाडीचे दिवे?" शेखरराव म्हणाले. तिरस्काराला अखेर धरायला जागा सापडली होती आणि त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा भरला. "फायबरचे अंग आहे! त्यातून प्रवाह वाहत नाही, हे शेंबडे पोर सांगेल. प्रत्येक दिव्याला स्वतंत्र परतीची तार हवी. त्या साऱ्या कापून आतल्या एका लोखंडी पट्टीला जोडण्याचे दिवे कोणी पाजळले? तुम्ही?"

देवमनने बोल्ट पुसला. आकांक्षाकडे पाहिले, मग निंबाकडे. "कापल्या म्याच," तो म्हणाला.

"आणि तीस वर्षे हा धंदा करता!"

"सर, जाऊ द्या. तारा टाकून देतो नव्या. दोन घंट्यांचं काम हाये."

"जाऊ कसे द्यायचे? कोणत्या गाढवाने सांगितले म्हणून कापल्या?"

देवमनने बोल्ट बाकावर ठेवला. मग त्याने डाव्या बाजूचा दरवाजा उघडला, समोरचा खण ओढला आणि गाडीच्या कागदांखालून प्लास्टिकमध्ये बंद केलेले एक पुठ्ठ्याचे पान काढून त्यांच्यापुढे धरले. एका बाजूला गणपती, हळदीचा फिकट ठसा, कुण्या वधूवरांची नावे. दुसऱ्या बाजूला आकृती. रेषा सरळ, बाण टोकदार, अक्षर वळणदार. वाहनाची काया हीच परतीची वाट. या काळ्या तारा निरर्थक. कापाव्यात व दिवे कायेस जोडावेत. खाली दोनदा अधोरेखित: मूर्खासही समजेल. अक्षर शेखररावांचे होते. प्लास्टिकच्या चारही कडा कोणीतरी कात्रीने गोल कापल्या होत्या, म्हणजे हाताला टोचू नयेत.

"मी म्हटलं होतं उत्तमरावाइले," देवमन खालच्या आवाजात बोलू लागला, जसा काही आपलाच दोष सांगत असावा. "म्हटलं भाऊ, ही बॉडी फायबरची हाये, हे चालन नाही. ते म्हणे, दादानं लिहून देल्लं, कालेजात शिकवते तो, आपून कोन? मंग म्या आतली पट्टी हुडकली अन् तिच्यावर सारे दिवे बांधले, म्हंजे त्याइच्या दादाचाही मान राह्यला अन् दिवेही लागले. चालले चार-पाच महिने. मंग पौषात... तुमच्या मायची रात होती ना ते? कुरणखेडपाशी सारे दिवे एकदमच गेले. गाडी सोडून ट्रकले हात देल्ले, कोनी थांबलं नाही. मंग निंघाले तसेच. डाव्या हाती स्टेरिंग, उजव्या हातात टॉर्च, खिडकीबाहेर धरून. पौषाची थंडी. बैलगाडीच्या चालीनं. दुसऱ्या रोजी आले तं उजवा हात वर होये ना. आठ दिवस माह्या हातानं चहा पेले ते या बाकावर."

निंबावरून एक पान गोल फिरत खाली आले. शेखरराव पाहत होते, पण पानाकडे नाही. उजवा हात अंगाशी लोंबत होता. डाव्या हाताने पाय शिवले. उजाडले तरी विजेरी चालू होती. बोटे मिटली होती ती उघडत नव्हती, म्हणून कळ दाबता आली नव्हती.

"मला का सांगितले नाही?" ते म्हणाले. हा आवाज वर्गातला नव्हता.

"मी तेच इचारलं. ते म्हणे, दादा मायपाशी होता, मी नव्हतो. तेवढं त्याच्यापाशी राहू दे. अन् म्हणे, हे चित्र चुकलं म्हून त्याले कायले सांगाचं? मंग म्या हेडलाइटले एक तार नवी टाकून देल्ली, खालून, पायपोसाखालून लपवून. बाकी चित्राप्रमाणंच ठेवा म्हणे. एखांद्या रोजी दादानं झाकण उघडून पायलं तं त्याले वाईट वाटू नये."

शेखररावांनी पायपोस उचलून पाहिला. एकच काळी तार, नीट चिकटपट्टीने बसवलेली, अंधारात सरळ पुढच्या दिव्यांकडे गेलेली. तिरस्कार नाहीसा झाला नव्हता. तो जिथल्या तिथे होता, लख्ख, प्रज्वलित. त्याला फक्त परत जायला वाट उरली नव्हती, आणि म्हणून तो सैरावैरा प्रत्येक दारात घुसत होता. पाहुण्यांच्या हसण्यात, छत्रीच्या टोकात, अधोरेखित अक्षरांत. आईच्या त्या तीन प्रश्नांतही. आता स्वतःचा तिरस्कार करावा, असे त्यांना वाटले. आणि लगेच त्यातलाही थाट त्यांना दिसला. तेही व्याख्यानच झाले असते. ते देवमनच्या बाकावर बसले. देवमनने चहा मागवला. त्यांनी कप उजव्या हाताने उचलला, थांबले, आणि खाली ठेवला.

साडेचारपर्यंत देवमनने दहा तारा टाकल्या. प्रत्येक दिव्याला आपली. लपवलेल्या तारेला हात लावण्याआधी त्याने शेखररावांकडे पाहिले.

"ती राहू द्या," शेखरराव म्हणाले.

"अन् हे?" आकांक्षाने ते पान पुढे केले. तिने ते वाचले होते. तिच्या चेहऱ्यावरून कळत होते. पण तिचा तळवा पुन्हा गाडीच्या टपावर गेला होता आणि तिला उत्तर त्या पानाबद्दल नको होते. "मोठे बाबा, मग... काय करायचं? आई उद्या विचारेल. भंगारवाला दारी येऊन गेला."

त्यांनी पान घेतले, कडांवरून बोट फिरवले आणि जिथून निघाले होते त्या खणात, कागदांखाली, परत ठेवले. "दसऱ्याला या गाडीला हार केवढा लागतो?" त्यांनी विचारले.

आकांक्षाला क्षणभर समजले नाही. मग ती म्हणाली, "बाबा आठ हात करायचे. समोरून मागेपर्यंत."

"तेवढाच कर."

"तपासून घेऊ एकडाव," देवमन मागे जात म्हणाला. "सर, आत बसा. दाबा."

ते वाकले, लवले, आत उतरले आणि ब्रेकवर पाय ठेवला. वायपर हलले नाहीत. आरशात निंबाखालची सावली एकदम तांबडी झाली, झेंडूचे दोन्ही ढीग निखाऱ्यासारखे उजळले, आणि मागून देवमनचा, कोणालाच उद्देशून नसलेला, तृप्त आवाज आला, "लागला!"

दाराच्या कप्प्यात हात गेला तो कशाला तरी अडला. विजेरी. तिची पाठ हिरवट झाली होती. आतले सेल केव्हाच फुटले असावेत. शेखररावांनी ती उजव्या हातात घेतली, काच खाली केली आणि दंड सरळ करून हात बाहेर धरला, रस्त्यावर उजेड पडेल अशा बेताने. जन्मभर प्रयोग करूनच त्यांनी विश्वास ठेवला होता.

"सर, पाय काढा आता. लागला ना," देवमन म्हणाला.

"मोठे बाबा? काय करून राहिले?"

चौथ्या मिनिटाला खांद्यात कळ आली. पाचव्याला विजेरी जड झाली. ऊन अजून उबदार होते, गाडी जागची हलली नव्हती आणि समोर रस्ता स्वच्छ दिसत होता. सातव्या मिनिटाला हात खाली आला. तो त्यांनी आणला नव्हता.